बोलणाऱ्या कुत्र्यांचे सिनेमे : सहा वर्षांच्या मुलीला कुठला दाखवू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

लेक सहा वर्षांची, घरात चिमी म्हणतो. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी भुऱ्या नावाचा कुत्रा असतो. शाळेत जाता-येता चिमी त्याला दिवसभराचा वृत्तांत देते. कुणी डबा सांडला, कुणी कुणाशी कट्टी केली, सगळं. तो कान पाडून ऐकतो. मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, "आई, तो उत्तर का देत नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सिनेमातले कुत्रे देतात बघ." झालं! तेव्हापासून रोज तगादा.

रविवारी एका ॲपवर जो पहिला दिसला तो लावला. खरे कुत्रे, पण कॉम्प्युटरवर ओठ हलवलेले. दहा मिनिटांत पोरगी उशीमागे. म्हणाली, "त्याचं तोंड कुणीतरी ओढतंय, त्याला दुखतंय." बंद केला.

तर मला असा सिनेमा सांगा, ज्यात कुत्रा बोलतो, मरत नाही आणि त्याचं तोंड ओढल्यासारखं वाटत नाही. कार्टून चालेल, पण तिला "खरा" कुत्रा हवाय. इंग्रजी असला तर मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. आणि आम्हा मोठ्यांना झोप येणार नाही असा असेल तर सांगणाऱ्याला आमच्याकडून द्राक्षांची पेटी.

चहाबाज
आमचा ब्रूनो गेली सात वर्षं बोलतोय. बायकोच्या आवाजात.
"ब्रूनोला वाटतं, बाबांनी आज तरी वाळलेले कपडे काढावेत."
"ब्रूनो म्हणतो, तिसरा चहा होणार नाही."

शुभा_ठाणे
'होमवर्ड बाउंड', १९९३, डिस्नीचा. डोळे झाकून लावा.

शॅडो हा म्हातारा गोल्डन रिट्रीव्हर, चान्स हा वांड बुलडॉग आणि सॅसी ही नकचढी मांजर. घरचे लोक सॅन फ्रान्सिस्कोला जातात आणि तिघांना ओळखीच्या बाईंच्या रँचवर ठेवतात. शॅडोला चैन पडत नाही, घरातल्या आपल्या लाडक्या मुलाचं काहीतरी बिनसलंय असं त्याच्या मनाने घेतलेलं. मग तिघं डोंगर ओलांडून घराकडे चालू लागतात. बस, एवढीच गोष्ट.

तुमच्या कामाचं म्हणजे यात कुणाचंच तोंड हलत नाही. प्राणी चालतात, थांबतात, हुंगतात, आणि आवाज वरून येतो. पहिली पाच मिनिटं चमत्कारिक वाटतं, मग लक्षातही राहत नाही. चान्सला मायकेल जे. फॉक्सचा आवाज, सॅसीला सॅली फील्डचा, शॅडोला डॉन अमीचींचा. अमीची तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते, आणि तो थकवा आवाजात ऐकू येतो. मुद्दाम आणलेला नाही.

माझ्या मुलाने सातव्या वर्षी पाहिला. चान्सच्या थोबाडात साळिंदराचे काटे घुसतात तेव्हा त्याने डोळे मिटले, बाकी ठीक.

स्पॉयलर आहे, पण आईने वाचावा असा : शेवटाकडे शॅडो खड्ड्यात पडतो आणि संपलं असं वाटतं. संपत नाही. तो येतो, पण फार उशिरा येतो. तेवढं लेकीला आधी सांगून ठेवा.

खोडसाळ_बंड्या
"तो येतो, पण फार उशिरा येतो." आमच्या प्लंबरवर सिनेमा आहे का हा?

कडूकारलं
अपेक्षित प्रतिसाद आले, आता कडू घ्या.

कुत्र्याला बोलायला लावायचं म्हणजे तो आपल्याला कळला नाही याची कबुली द्यायची. शुभाताई, तुमच्या सिनेमाचं मूळ आहे शीला बर्नफर्ड यांची १९६१ची कादंबरी. त्यात कॅनडाच्या जंगलातून दोन कुत्रे आणि एक सयामी मांजर घरी परततात आणि एकही शब्द बोलत नाहीत. डिस्नीनेच १९६३ साली त्यावर सिनेमा केला, तिथेही प्राणी मुके, फक्त निवेदक बोलतो. तीस वर्षांनी कुणालातरी वाटलं की प्रेक्षकाला एवढं कळणार नाही, म्हणून विनोदी संवाद घातले.

आपल्याकडचा '७७७ चार्ली' बघा (२०२२, कन्नड, हिंदीत डब झालेला आहे). लॅब्रडॉर एक अक्षर बोलत नाही आणि थिएटरात पुरुष रुमाल शोधत होते. अर्थात तो सहा वर्षांच्या मुलीला दाखवू नका.

मुक्ता_दोन_पोरांची
कारल्या, ताईंनी बोलणाऱ्या कुत्र्याचा सिनेमा विचारलाय. खानावळीत जाऊन उपासाचे फायदे सांगू नकोस.

गोदाकाठताई, 'अप' (२००९) बघितलाय का? पिक्सारचा, म्हणजे कार्टूनच, पण त्यातला डग अस्सल कुत्रा आहे. तुमच्या अटीतही चपखल बसतो. डगचं तोंड बोलताना हलत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि तो पट्टा कुत्र्याच्या मनातलं बोलून दाखवतो. तो काहीतरी गंभीर सांगत असतो, मध्येच खार दिसते आणि गाडी रुळावरून खाली. आमच्या घरी गृहपाठाला हेच होतं.
फक्त पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही रडाल. पोरं नाही रडत, आपण रडतो.

आणि टाळायचाच असेल तर 'शो डॉग्ज' (२०१८). त्यात श्वानस्पर्धेत परीक्षक कुत्र्याचे गुप्तांग तपासतात आणि त्याला ते मुकाट्याने सहन करायला शिकवतात, असे प्रसंग होते. मुलांना नको तिथे हात लावला तर "नाही" म्हणायला आपण शिकवतो आणि हे बरोब्बर उलटं! अमेरिकेत पालकांनी ओरड केली, तेव्हा कंपनीने तो भाग कापून सिनेमा पुन्हा थिएटरांत पाठवला.

गोदाकाठ
बाप रे! हे माहीत नव्हतं. धन्स मुक्ता.
'अप' ऐकून होते. 'होमवर्ड बाउंड' यादीत वर ठेवला. पण मला एक कोडं पडलंय. कार्टूनमधला कुत्रा बोलला की चिमीला काहीच वाटत नाही, मग खऱ्या कुत्र्याने ओठ हलवले की भीती का वाटली? यातलं तांत्रिक कुणाला कळतं का?

रोटोवाला
हजर! मालाडला बसून परदेशी सिनेमांच्या कुत्र्यामांजरांवर बारा वर्षं काम केलंय. चिमीला माझा दंडवत, अख्ख्या टीमला जे शब्दांत सांगता येत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

होतं असं. शूटिंगला कुत्रा बोलत नसतोच. तो कॅमेऱ्याच्या बाजूला चिकनचा तुकडा धरून उभ्या असलेल्या ट्रेनरकडे बघत असतो. ते फुटेज आमच्याकडे येतं. आधी मॅचमूव्ह, म्हणजे डोकं प्रत्येक फ्रेममध्ये नेमकं कुठे आणि किती वळलंय ते पकडायचं. मग थोबाडाचं थ्रीडी मॉडेल करायचं आणि त्या कुत्र्याचीच शूट झालेली कातडी-केस त्यावर चढवायचे. खालचं खरं तोंड पेंट करून पुसायचं. जीभ, दात, टाळू सगळं नवीन. मग ॲनिमेटर आवाजाबरहुकूम ते थोबाड हलवतो. एका सेकंदाला चोवीस फ्रेम.

गोची शेवटच्या पायरीवर आहे. "प, ब, म" म्हणून बघा, ओठ मिटावे लागतात. "ओ" म्हणा, चंबू करावा लागतो. कुत्र्याचं तोंड लांब, ओठ कडेला लोंबणारे, चंबू करायची सोयच नाही. म्हणजे जे स्नायू त्याला नाहीत त्यांची हालचाल आपण त्याच्या खऱ्या चेहऱ्यावर दाखवतो. कार्टूनमध्ये चेहराच चितारलेला, म्हणून डोळा भांडत नाही. इथे नव्वद टक्के खरा कुत्रा आणि दहा टक्के रबर. चिमीने ते दहा टक्के पकडले. "कुणीतरी ओढतंय" हे अक्षरशः खरं आहे. तो कुणीतरी म्हणजे मी.

जुने जाणते ॲनिमेटर सांगतात, तोंड कमीत कमी हलवा. तीन शब्दांतला एक पकडा, बाकी काम कान आणि डोळ्यांवर सोडा. वाक्य सुरू होताना मान वळवता आली तर सोन्याहून पिवळं. निर्माते मात्र प्रत्येक अक्षर मागतात.

एका स्टुडिओत मी दोन महिने एकाच कुत्र्याच्या मिशांचं रोटो (म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये कडा आखून तो भाग वेगळा काढणं) करत होतो. सिनेमा आला, दोस्तांना घेऊन गेलो, तो सीनच कापलेला!

खोडसाळ_बंड्या
रोटोवाले, मिशीला एवढं महत्त्व कोल्हापुरातसुद्धा नसतं.

फिल्लमबाज
रोटोवाला, 'बेब'बद्दल लिहा ना. की मी लिहू? बरं, लिहितोच.

'बेब' (१९९५) डुकराच्या पिल्लाचा सिनेमा असला तरी त्यात फ्लाय आणि रेक्स हे दोन मेंढपाळ कुत्रे आहेत, आणि माझ्या मते खऱ्या बोलत्या कुत्र्यांत त्यांच्या जवळपास कुणी पोचलेलं नाही. काही शॉट्समध्ये जिम हेन्सनच्या कारखान्यातले यांत्रिक बाहुले, काहींत खऱ्या प्राण्यावर ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने हलवलेलं तोंड. कुठे काय आहे ते आजही पटकन ओळखू येत नाही. पिल्लं भराभर वाढतात म्हणून एका बेबसाठी ४८ डुकरं वापरली. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करला समोर 'अपोलो १३' होता, आणि डुकराने चांद्रयान पाडलं! रेक्सचा आवाज ह्यूगो वीव्हिंगचा, हा पुढे 'मेट्रिक्स'मधला एजंट स्मिथ झाला. तो रेक्स बोलतो फार कमी, गुरगुरतो जास्त.

पण सहा वर्षांच्या मुलीसाठी सांभाळून. म्हाताऱ्या मेंढीला रानकुत्रे मारतात तो भाग जड आहे, आणि नाताळच्या जेवणात कोण शिजतं तेही.

तोंड ओढण्यावरून आठवलं. बोलपट आले तेव्हा, १९२९ ते १९३१, एम.जी.एम.ने कुत्र्यांना माणसांचे कपडे घालून 'डॉगव्हिल' नावाचे छोटे विनोदी सिनेमे काढले होते. टॉफी चघळायला द्यायची, कुत्रा तोंड चालवायचा आणि वर माणसाचा आवाज. म्हणजे कॉम्प्युटर नव्हता तेव्हाही कुत्र्याच्या तोंडाची सुटका नव्हती.

रोटोवाला
फिल्लमबाज, +१. ऱ्हिदम अँड ह्यूजचा मुंबईतही स्टुडिओ होता, आमच्या पिढीची बरीच पोरं तिथे शिकली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटायचे की सुतक पाळायचं ते कुणालाच कळेना.

आजोळचा_नातू
मंडळी, परदेशी कशाला जाता? १९९३ सालीच, म्हणजे शुभाताईंच्या सिनेमाच्या वर्षीच, आपल्याकडे 'झपाटलेला' आला. तात्या विंचूचा जबडा नुसता वर-खाली व्हायचा. ना चंबू, ना ओठ. तरी आम्ही महिनाभर रात्री एकटे मोरीत गेलो नाही. रामदास पाध्यांनी त्या जबड्याच्या उघडझापीवर अख्खा महाराष्ट्र घाबरवला. लिज्जत पापडाचा ससाही त्यांचाच.

रोटोवाला
नातू, हे फार बरोबर बोललात. बाहुलीचा जबडा दोनच गोष्टी करतो, उघडतो आणि मिटतो. उरलेलं आपणच डोक्यात भरतो. सगळं दाखवलं की प्रेक्षकाला काम उरत नाही, मग तो चुका काढत बसतो.

गुरांचा_डॉक्टर
थोडं आमच्या बाजूने. (सांगलीजवळ दवाखाना आहे. बोर्डावर गाईगुरं असली तरी हल्ली निम्मे पेशंट कुत्रे.)

कुत्रा चेहऱ्याने बोलतोच, फक्त तोंडाने नाही, भुवईने. २०१९ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत नीट वाढलेला असतो, लांडग्यात त्याच्या जागी जेमतेम काही तंतू. भुवई वर गेली की डोळा मोठा आणि केविलवाणा दिसतो, आपण विरघळतो आणि भाकरी सुटते. हजारो वर्षं माणसाबरोबर राहून त्याने कमावलेला हा स्नायू आहे. सिनेमावाले तो सोडून ओठांच्या मागे लागतात, याचं आश्चर्य वाटतं.

जाता जाता पालकांना हात जोडून विनंती. सिनेमा बघून तीच जात घरी आणू नका. मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर (२००३ ची, मुलाच्या मागे मागे फिरणारा पग) दारोदार पग आले. चपटं नाक, आपला उन्हाळा, धाप लागून माझ्या टेबलावर. त्याआधी 'हम आपके हैं कौन'च्या टफीमुळे पांढऱ्या पॉमेरेनियनची लाट होती. त्यातले बहुतेक पॉमेरेनियन नव्हतेच, आपले इंडियन स्पिट्झ. पण ते निदान इथल्या हवेत तगतात.

सरिता_लातूर
डॉक्टर, आमचा स्पिट्झ पेडिग्रीला (पाकिटातल्या तयार खाण्याला) तोंड लावत नाही. फक्त दूधभात. काय करावं?

गुरांचा_डॉक्टर
सरिताताई, त्याला दोन दिवस कुणी दूधभात देऊ नका आणि भुवईकडे बघू नका.

गोदाकाठ
डॉक्टर, हे भारी आहे! पण मंडळी, धागा दवाखान्यात चाललाय हां.

पोथीवाचक
दवाखान्यातून देवळात नेतो.

बोलणारा कुत्रा ही हॉलीवूडची मिरासदारी नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचा यज्ञ चालू असतो, तिथे एक कुत्र्याचं पिल्लू येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई सरमा, देवांची कुत्री. विचारते, का मारलं? ते म्हणतं, मी काहीच केलं नाही, हवी (यज्ञात अर्पण करायचा पदार्थ) चाटला नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा भर यज्ञात येऊन राजाला जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते की निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर नकळत संकट येईल. राजा घाबरून पुरोहित शोधत फिरतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशीच एक कुत्री बोलते आणि शेवटाकडे युधिष्ठिरामागे हिमालयात एक कुत्रा चालतो.

दुसरी रामायणातली, उत्तरकांडातल्या प्रक्षिप्त मानलेल्या सर्गांतली. डोकं फुटलेला एक कुत्रा रामाच्या दरबारी न्याय मागायला येतो. एका ब्राह्मणाने भुकेच्या रागात त्याला काठी मारलेली. शिक्षा काय द्यावी, सभेला सुचेना. कुत्राच म्हणाला, याला कालंजरचा मठाधिपती करा. लोक चकित, ही शिक्षा की बक्षीस? तर कुत्रा म्हणाला, मागच्या जन्मी मी तिथेच मठाधिपती होतो. नीट वागूनही या गतीला आलो, हा तर रागीट आहे.

आपल्याकडचे कुत्रे बोलले ते असे, फिर्याद मांडायला. सोफा फाडल्याचे विनोद करायला नाही.

चहाबाज
पोथीवाचक, साष्टांग. म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गेल्या जन्मी कुणाला काठी मारली होती ते आता कळलं.

आजोळचा_नातू
आणि पैठणचा रेडा राहिला की! माउलींनी वेद म्हणवले ते रेड्याकडून. तिथेही ओठांचा क्लोजअप नाही, म्हणून सातशे वर्षं टिकलंय.

कडूकारलं
पोथीवाचक, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला एकमेव कामाचा. माझाच मुद्दा झाला. बोलायचं तर कारण हवं.

आणि गोड सिनेमांमागचं कडूही सांगतो. 'एअर बड' (१९९७) मधला बास्केटबॉल खेळणारा कुत्रा मुका होता, बरा होता. मग त्याच्या पिल्लांना बोलतं करून मालिका काढली. त्यातल्या 'स्नो बडीज'च्या (२००८) वेळी शूटिंगसाठी फार लहान वयाची पिल्लं आणली, आजार पसरला, काही दगावली. पडद्यावर ती बर्फात गप्पा मारताना दिसतात.

मुक्ता_दोन_पोरांची
हे वाचून वाईट वाटलं. माझ्या पोरांनी तो चार वेळा पाहिलाय.
कारल्या, एवढं माहीत असलेला माणूस हे सिनेमे बघत नाही म्हणतोस?

कडूकारलं
भाची आहे मला एक.

जर्सीची_जाई
उशिरा आले, पण भाषेचं कुणीच बोललं नाही! मराठी माणूस घरात कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलतो? माझे बाबा सांगलीला अख्खं आयुष्य शुद्ध मराठी बोलले, पण कुत्र्याला "सिट, सिट डाउन, नो!" इंग्रज गेले, पट्टा इथेच ठेवून गेले.

आमच्याकडे न्यू जर्सीत उलटं. पोरं इंग्रजीत उत्तरं देतात आणि घरात मराठी कळणारा एकमेव जीव म्हणजे आमचा गोट्या. "बस", "नको", "इकडे ये", "शहाणा माझा". सुट्टीत कुत्रा सांभाळणारीकडे ठेवताना मी मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहून देते. ती बिचारी "शाहाना माजा" म्हणते आणि हा शेपूट हलवतो. तेव्हा कुत्रा सिनेमात बोललाच तर मराठीत का बोलू नये?

खोडसाळ_बंड्या
बोलू दे की! पण कुठल्या मराठीत?
कोल्हापूरचा : "काय भावा, आज बिस्कीट न्हाय व्हय?"
नागपूरचा : "काहून बे, पोळी कुठी हाय?"
मालवणचा : "माशे खंय आसत?"
पुण्याचा...

शुभा_ठाणे
पुण्याचा नको. दुपारी एक ते चारचा विनोद आला तर मी धागा सोडून जाईन.

खोडसाळ_बंड्या
...पुण्याचा गप्प बसला. (हलकेच घ्या.)

फिल्लमबाज
जाई, मराठीत नाही, पण हिंदीत 'रोडसाइड रोमिओ' (२००८) आहे. यशराज आणि डिस्नीने मिळून केलेला, जुगल हंसराजने दिग्दर्शित केलेला. हो, 'मासूम'मधला निळ्या डोळ्यांचा मुलगा. श्रीमंतांचा कुत्रा मुंबईच्या रस्त्यावर टाकला जातो आणि सैफच्या आवाजात बोलतो. ॲनिमेशन आहे. मला संवाद जरा टपोरी वाटले, पण मुंबईचा रस्त्यावरचा कुत्रा नायक झालेला बघायला बरं वाटलं.

खरे कुत्रे हवेत तर मल्याळममध्ये 'वालट्टी' (२०२३). एक गोल्डन रिट्रीव्हर आणि एक कॉकर स्पॅनियल प्रेमात पडून पळून जातात, वर माणसांचे आवाज. आपल्याकडे असे सिनेमे कमी होतात, कारण शूटिंगला प्राणी घ्यायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते. कटकट वाटते, पण कारल्याने वर लिहिलंय ते वाचल्यावर ती असलेली बरी.

आवाजाची जादू बघायची तर 'जंगल बुक'चं (२०१६) हिंदी डबिंग. शेरखानला नाना पाटेकर. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'मोगली' लागायची, तिथेही शेरखान नानाच. आमच्या पिढीने वाघ जंगलात बघितला तेव्हा तो गप्प का, हाच प्रश्न पडला.

सरिता_लातूर
नानांना कुत्र्याचा आवाज दिला तर माणसंच शेपूट घालतील. हसून हसून पुरेवाट.

(डॉक्टर, दुसरा दिवस. भुवई वर आहे. मी धीर धरून आहे.)

गोदाकाठ
मंडळी, अहवाल!

काल रात्री 'होमवर्ड बाउंड' लावला. मी आणि चिमी सतरंजीवर, नवरा "थोडंच बघतो" म्हणून खुर्चीत. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. पंधरा मिनिटांनी तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, मला कळतंय." इंग्रजी काय कळलं देव जाणे, पण हसत होती बरोबर जागी. तोंड ओढण्याची तक्रार नाही. मी मुद्दाम विचारलं, "यांचं तोंड हलत नाही, चालतंय का?" तर म्हणाली, "ते मनात बोलतायत ना. म्हणून माणसांना ऐकू येत नाही." रोटोवाला, नोंद घ्या.

शुभाताई, तुमचा निरोप आधीच देऊन ठेवला होता. शॅडो खड्ड्यात पडला तेव्हा ती अगदी शांत, मलाच धीर देत होती, "येतो तो, उशिरा येतो." मग ते शेवटचं दृश्य. चान्स आला, सॅसी आली, आणि टेकडीवर कुणीच नाही. खुर्चीतून आवाज आला, "कुठाय तो?" नवऱ्याला निरोप द्यायला मी विसरले होते. शॅडो लंगडत वर आला तेव्हा हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ पाणीच पीत होते.

आज सकाळी गेटपाशी चिमी भुऱ्यासमोर गुडघ्यांवर बसून गप्प. पाच मिनिटं नुसतं एकमेकांकडे बघणं. मी म्हटलं, अगं उशीर होतोय. तर वॉचमन काका म्हणाले, "ताई, थांबा, त्येचं चालू आहे." ते धुळ्याकडचे, भुऱ्याशी कायम अहिराणीत बोलतात. रोज सकाळी "काय करी ऱ्हायना रे भाऊ" झाल्याशिवाय बिस्कीट नाही. रिक्षात चिमी म्हणाली, "आई, तो मनात बोलतो, पण काकांसारखं बोलतो. मला अर्धंच कळलं."

शुभाताई, द्राक्षांची पेटी तुमची.

जर्सीची_जाई
बंड्या, यादीत अहिराणी राहिली होती बघ.

रोटोवाला
"मनात बोलतायत." हे बारा वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं तर माझे ते दोन महिने वाचले असते.

कडूकारलं
शेवटच्या दृश्यात मीही पाणी प्यायला गेलो होतो. १९९३चाच, बोलणारा. याउपर काही विचारू नये.

चहाबाज
ब्रूनो विचारतोय, याचा दुसरा भाग आहे का?

शुभा_ठाणे
आहे, १९९६ चा. तिघं सॅन फ्रान्सिस्को शहरात हरवतात. पहिल्याची सर नाही, पण बघायला हरकत नाही. फक्त शॅडोचा आवाज वेगळा आहे. अमीची १९९३च्या डिसेंबरातच गेले. गोदाकाठ, चिमीला आधी सांगून ठेवा, तिच्या लक्षात येईलच.